पुढून ओढणारी गाडी

कोलशेतला बर्फ दिसतो तो मासळीच्या पाटीत, नाहीतर रसवंतीवाल्याकडे गोणपाटात गुंडाळलेला. रस्त्यावर आम्हाला ठाऊक आहे ते पावसाचं पाणी, चिखल, सांडलेलं ऑइल आणि घोडबंदरला कंटेनरांनी पाडलेले खड्डे. त्यामुळे जानेवारीत स्वतःची गाडी घेऊन मनालीला जायचं आणि रस्ता उघडा असला तर अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलमध्ये उतरायचं, असं घरात ठरलं तेव्हा सोसायटीत ज्याने-त्याने एकच विचारलं, "फोर बाय फोर आहे का?"

नव्हती. एमएच ०४ची साधी पेट्रोल हॅचबॅक, हाताने गिअर टाकायची, पुढच्या चाकांवर चालणारी. ठाण्यात दिसणाऱ्या बहुतेक खासगी गाड्या अशाच असतात. मालकाला ते माहीत असायची गरज मात्र सहसा पडत नाही.

डोंबिवलीच्या काकांनी वेगळं विचारलं. "मागे किती माणसं बसणार?"

काकांची उमेदीची वर्षं प्रीमियरच्या कल्याण-डोंबिवलीच्या कारखान्यात गेली. पद्मिनी मागच्या चाकांनी ढकलली जायची, तशीच ॲम्बॅसिडरही. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी मध्यमवर्गाच्या दारात उभी राहिली. पुढे १९९४ साली काकांच्याच कारखान्यात फ्रेंच प्यूजो ३०९ बनू लागली, तीही पुढून ओढणारी. तो फ्रेंच संसार थोड्याच वर्षांत मोडला. काकांच्या डोक्यात मात्र पुढच्या चाकांचं गणित तेव्हा बसलं ते बसलंच. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी कुणाच्या गाडीत बसले की आधी बॉनेट उघडायला लावतात.

गणित असं. मागच्या चाकांच्या गाडीत इंजिन पुढे आणि ताकद मागे, मध्ये लांबलचक प्रोपेलर शाफ्ट. पुढच्या चाकांच्या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, सगळा संसार बॉनेटखाली. रिकामी गाडी वजनकाट्यावर घातली तर साधारण साठ टक्के वजन पुढच्या दोन चाकांवर भरतं. ज्या चाकांनी ओढायचं त्यांच्यावरच भार, म्हणून निसरड्या सपाट रस्त्यावर ही गाडी मागून ढकलणाऱ्या गाडीपेक्षा सुखाने निघते. बर्फाच्या देशांत ती लोकांना आवडली त्याचं एक कारण हे.

"पण चढाला काय होतं? माथेरानचा घाट आठव," काका म्हणाले.

नेरळहून दस्तुरी नाक्याकडे जाताना पावसाळ्यात हे दृश्य कुणीही पाहिलेलं असेल. माणसांनी भरलेली हॅचबॅक वळणावर अडलेली असते, पहिल्या गिअरमध्ये पुढची चाकं गरगरत असतात आणि रबर जळल्याचा वास येत असतो. तेवढ्यात शेजारून तितकीच भरलेली ओम्नी टॅक्सी कुरकुर न करता वर निघून जाते. ओम्नीचं इंजिन लहान, पण ताकद मागच्या चाकांना. चढावर गाडीचा भार मागे सरकतो, मागच्या सीटवरची माणसं त्यात भर घालतात, आणि तो सगळा भार ओम्नीच्या कामी येतो. आपल्या गाडीत तोच भार पुढच्या चाकांवरून उतरतो. म्हणजे चढ जितका उभा आणि मागे माणसं जितकी जास्त, तितकी पुढून ओढणारी गाडी दुबळी. काकांच्या पहिल्या प्रश्नाचा अर्थ तो होता. शेवटी आम्ही तिघंच निघालो. मी, बायको आणि काका. काका पुढे बसणार, हे न सांगता ठरलं.

काकांची मुलगी, माझी चुलत बहीण, मॉन्ट्रियलला असते. तिला फोन लावला तर तिने वडिलांचं सगळं गणित एका वाक्यात बाजूला सारलं. "बाबा, कुठली चाकं ओढतात ते नंतर. टायर कुठले आहेत?"

तिची गाडीही पुढच्या चाकांची. क्यूबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच सक्तीचे. आपल्याकडच्या टायरचं रबर हवा सात अंशांच्या खाली गेली की कडक व्हायला लागतं. हिवाळी टायरचं मिश्रण थंडीतही मऊ राहतं, त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर बारीक चिरा असतात आणि त्या बर्फाला धरतात. बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, असं चिन्ह असतं. ताईचं म्हणणं, हिवाळी टायर घातलेली पुढच्या चाकांची साधी गाडी साध्या टायरच्या फोर बाय फोरपेक्षा तिला केव्हाही बरी. "तो सिग्नलला माझ्याआधी सुटतो रे. पण पुढच्या सिग्नलला थांबत नाही."

आणखी एक गोष्ट तिने सांगितली, ती आधी पटली नाही. उणे वीस अंशांत ती बिनधास्त गाडी काढते. भीती वाटते ती शून्याच्या आसपास. कडाक्याच्या थंडीत बर्फ कोरडा असतो, टायरला थोडी तरी पकड देतो. शून्याजवळ त्यावर पाण्याचा पातळ थर असतो. त्यावर कुणाचंच काही चालत नाही.

आमच्या मापाचे हिवाळी टायर ठाण्यात कुणाकडे नव्हते. वापरणार कोण, म्हणून ठेवत नाहीत, हे दुकानदाराचं उत्तर रास्त होतं. तेव्हा टायर होते तेच, भरपूर नक्षी शिल्लक असलेले. साखळ्या तिथे भाड्याने मिळतात असं कळलं होतं. बाकी तयारी ढोकाळीच्या मेकॅनिककडे झाली. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं नळाचं पाणी घालत आलेले आपण. इथे काही बिघडत नाही, फार तर आतून गंजतं. तिकडे ते पाणी रात्रीत गोठतं, गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं आणि इंजिनाचा ब्लॉक तडकवू शकतं. सगळं काढून निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर भरलं. हे मिश्रण उणे पस्तीसच्या आसपासपर्यंत गोठत नाही. काचेवर फवारायच्या पाण्याची टाकी रिकामी केली. बॅटरी जुनी होती, ती बदलली. थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि नेमकं तेव्हाच ऑइल घट्ट झाल्यामुळे स्टार्टरला जास्त जोर लागतो.

सगळ्यात उपयोगी वस्तू मात्र कोलशेत गावातून आली. गावातले एक ओळखीचे दादा आहेत. त्यांच्या घरी पूर्वी खाडीतल्या रेतीचा धंदा होता. रेतीबंदरावर ओल्या रेतीत रुतलेले ट्रक काढण्यात त्यांच्या तरुणपणातल्या कित्येक दुपारी गेलेल्या. त्यांनी आयुष्यात बर्फावर पाय ठेवला नव्हता. तरी दोन जाड गोणपाटं आणि बुटक्या दांड्याचं फावडं डिकीत टाकलं आणि म्हणाले, "चाक फिराया लागला का लगेच पाय उचलायचा. फिरणारा चाक सोताच खड्डा खणतो." आम्ही वाचलेलं, ऐकलेलं, फोनवर विचारलेलं सगळं एकीकडे आणि हे एकीकडे.

प्रवासाबद्दल थोडक्यात. गायमुखावरून हायवे, मग गुजरात, राजस्थान आणि पुढे उत्तरेचं धुकं. त्या धुक्यावर वेगळं लिहावं लागेल. खरं सांगायचं तर सबंध प्रवासात मला बर्फापेक्षा त्या पांढऱ्या भिंतीचीच भीती जास्त वाटली, कारण तिथे दोष आपल्या चाकांचा नसतो, मागून येणाऱ्या ट्रकचा असतो. किरतपूरपासून मनालीकडे नवा चौपदरी रस्ता आणि बोगदे आहेत. ते पार करून दोनेक हजार मीटर उंचीवरच्या मनालीत शिरलो तेव्हा अंधारलं होतं आणि रस्ते कोरडे होते. बायको म्हणाली, "एवढी तयारी केली ती कशासाठी?"

पहाटे कळलं. रात्री हॉटेलच्या चौकीदाराने आम्हाला हँडब्रेक ओढू दिला नव्हता. "गिअर में छोड़ दो साहब, टायर के पीछे पत्थर लगा दूंगा." ओल्या रस्त्यावरून आलेल्या गाडीच्या मागच्या ब्रेकमध्ये पाणी असतं. हँडब्रेक ओढून ठेवला तर ते ड्रमला चिकटून गोठतं आणि सकाळी हँडब्रेक सोडला तरी चाक सुटत नाही. शेजारच्या दिल्लीच्या गाडीचं तसं झालं. मागचं एक चाक न फिरता घासत चाललं होतं आणि मालक किल्ली देणाऱ्या मुलाला रागावत होते. आमचे वायपर वर उभे करून ठेवले होते, तेही चौकीदारानेच. काचेवर बोटभर दव गोठलेलं. बायकोने गिझरचं पाणी आणायला बादली उचलली तेव्हा काका जवळजवळ ओरडले. गार काचेवर कढत पाणी पडलं तर काच तडकते. मग जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने खरवडत बसलो. सूर्य यायची वाट पाहिली असती तर तेवढाच वेळ लागला असता.

त्या दिवशी दुपारी बर्फ पडायला लागला. आम्ही नेहरू कुंडाच्या नाक्यापर्यंत गेलो, तिथे पोलिसांनी अडवलं. वर फक्त फोर बाय फोर. आमच्या पुढे आपल्याच राज्यातली एक उंच, रुबाबदार गाडी उभी होती. मालक हुज्जत घालत होते की ही एसयूव्ही आहे. हवालदार शांतपणे वाकला, मोबाइलचा टॉर्च गाडीखाली धरला आणि मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्टच नाही हे त्यांना दाखवलं. आपल्याकडे एसयूव्ही म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी गाड्या आमच्या हॅचबॅकसारख्या पुढच्या दोनच चाकांवर चालतात. पत्रा उंच, खालचं सगळं तेच. त्या गृहस्थांना ते खरोखर माहीत नव्हतं, आणि गाडी घेताना कुणी सांगितलंही नसणार.

पोलिसांचा ताठरपणा उगाच नव्हता. २०२४च्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, सोलंग ते अटल बोगद्याच्या रस्त्यावर हजाराच्या आसपास गाड्या बर्फात अडकल्या होत्या आणि रात्री उशिरापर्यंत माणसं काढण्याचं काम चाललं होतं. त्या दिवसांतले व्हिडिओ अनेकांनी पाहिले असतील. उतारावर गाडी सरकायला लागते, ब्रेक लागलेला असतो, चाकं फिरत नसतात, तरी गाडी चाललीच आहे, आणि चालक दार उघडून उडी मारतो. त्यात चारही चाकांवर चालणाऱ्या गाड्याही होत्या. नाक्यावरचा चेनवाला तेच सांगत होता. "साहब, चढ़ तो सब जाते हैं."

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. रस्ता साफ झाला आणि साखळी असलेल्या गाड्यांना सोडायला लागले. चेनवाल्याने गाडीकडे नुसतं पाहिलं आणि साखळ्या पुढच्या चाकांपाशी टाकल्या. आमच्या मागच्या टॅक्सीला, ती ईको होती, त्याने मागे लावल्या. ताकद जिथे, साखळी तिथे. काकांना चारही चाकांना साखळ्या हव्या होत्या. तो म्हणाला, दोनच मिळतील, सगळे दोनच लावतात. काका गप्प झाले, पण त्यांना पटलं नव्हतं. त्याचं कारण संध्याकाळी कळलं. साखळी लावल्यावर शंभरेक मीटर जाऊन थांबायचं आणि पुन्हा ओढून घट्ट करायची असते. सैल साखळी चाकाच्या आतल्या बाजूला आदळून ब्रेकची नळी तोडू शकते. हे काम काकांनी कुणाला करू दिलं नाही.

चढताना दुसऱ्या गिअरमध्ये उचल केली. पहिल्या गिअरमध्ये चाकाला एकदम इतका जोर मिळतो की ते जागीच फिरतं. क्लच हळू सोडायचा, ॲक्सिलरेटर जेमतेम. सामान हॉटेलवरच ठेवलं होतं, डिकीत फक्त गोणपाटं आणि फावडं. बायको मागे एकटी, मधोमध. काकांचा हिशोब सोपा होता. दाबलेल्या बर्फावर साध्या टायरची पकड कोरड्या डांबराच्या पाव ते तिसरा हिस्सा. नुसत्या पाल्यावर, म्हणजे रस्त्यावर गोठलेल्या त्या पारदर्शक थरावर, सातवा-आठवा हिस्सा. चारही चाकं ओढत असतील तर पाल्यावर शंभर मीटरमागे दहा मीटरचा चढ कसाबसा जमेल. दोनच ओढत असतील आणि त्यांच्यावर साठ टक्केच वजन असेल, तर सहाचा. त्यापुढे साखळी किंवा माती. रस्त्यावर माती टाकली होती, साखळ्या होत्या, आणि गाडी खडखड करत का होईना, चढत होती.

पलचानच्या पुढे एक गाडी आडवी झालेली. पुढच्या चाकांचीच, साखळी एका बाजूची तुटलेली. चार मुलं, मागच्या चाकांखाली दगड आणि देवदाराच्या फांद्या कोंबत होती. ती चाकं बिचारी नुसती मागून येणारी. काकांनी त्यांना पुढे बोलावलं, चाक कुठलं फिरतंय ते दाखवलं, फावड्याने पुढचा बर्फ मोकळा केला आणि कोलशेतची गोणपाटं पुढच्या चाकांच्या तोंडाशी सरकवली. मागच्या सीटवरचे दोघं बाहेरच थांबले. मी त्यांना दादांचं वाक्य हिंदीत सांगितलं, ते हिंदीत तितकं चांगलं वाटलं नाही. चालवणाऱ्या मुलाने पाय हलका ठेवला. चाकाने गोणपाट पकडलं, गाडी निघाली आणि गोणपाट इतक्या जोरात मागे उडालं की मी बाजूला नसतो तर तोंडावर बसलं असतं. रुतलेल्या गाडीच्या मागे उभं राहून ढकलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. दुसरं गोणपाट बर्फातच राहिलं, सापडलं नाही.

धुंडीच्या अलीकडे रस्ता साफ केलेला होता, तिथे साखळ्या काढल्या. कोरड्या रस्त्यावर साखळी टायरही खाते आणि स्वतःही तुटते. बोटं बधिर झालेली. मला एक साखळी काढायला जेवढा वेळ लागला त्यात काकांनी दुसरी काढून, झटकून, गुंडाळून ठेवली होती. मग बोगदा. लांबी ९.०२ किलोमीटर, उंची तीन हजार मीटरच्या वर, खुला झाला ३ ऑक्टोबर २०२० रोजी. त्याआधी लाहौलला जायची वाट ३,९७८ मीटरवरच्या रोहतांग खिंडीतून होती आणि हिवाळ्यात सहाएक महिने ती बंद. बोगद्याच्या आत रस्ता कोरडा, दिवे लख्ख. कुणालाही वाटावं आता ऐंशीने जावं. धोका नेमका बाहेर पडताना. बोगद्याच्या तोंडापाशी सावली असते, गाड्यांच्या टायरला लागून आलेलं पाणी तिथे गोठतं, आणि कोरड्या रस्त्याची सवय झालेला पाय तसाच असतो. काका आतूनच सांगत होते, "सोड, सोड, अजून सोड."

सिस्सू सुंदर आहे. चंद्रा नदीच्या काठाने बर्फाचे थर, समोर गोठलेला धबधबा. फोटो सगळ्यांनी पाहिलेत, मी वर्णन करत नाही. माझ्या लक्षात राहिला तो केलाँगच्या बाजूने आलेला ट्रक. चालकाने टाकीखाली घमेल्यात निखारे ठेवले होते. थंडीत डिझेलमधलं मेण वेगळं होतं आणि फिल्टर तुंबतो. इंडियन ऑइलने २०१९ साली लेहला उणे तेहेतीस अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं ते याचसाठी. आमची पेट्रोल गाडी त्या बाबतीत निर्धास्त होती. ट्रकवाल्याला त्या निखाऱ्यांचं काहीच वाटत नव्हतं, मला मात्र तिथे जास्त वेळ उभं राहवेना.

परत फिरायला दुपार झाली, आणि ताईचं शून्याजवळचं बोलणं तेव्हा समजलं. सकाळी जो दाबलेला बर्फ पायाखाली करकरत होता, तो उन्हाने वरून पातळ सुटला होता. खाली बर्फ, वर पाणी. धुंडीला पुन्हा साखळ्या चढवल्या.

उतारावर पुढून ओढणाऱ्या गाडीचा फायदा जवळजवळ संपतो. चढताना दोन चाकांनी ओढलं की चारांनी, याने फरक पडतो. थांबताना प्रत्येक गाडी चारही चाकांनीच थांबते, मग ती दहा लाखांची असो की चाळीस. तासाला तीस किलोमीटरच्या वेगात ब्रेक मारला तर कोरड्या डांबरावर गाडी पाच मीटरमध्ये उभी राहते. पाल्यावर त्याच वेगात, सपाटीवर, पस्तीस मीटर. शंभराला पाच मीटरचा उतार असेल तर सत्तर. आणि उतार शंभराला दहाच्या पुढे गेला तर उत्तरच निघत नाही, कारण तिथे उभी केलेली गाडीसुद्धा सरकते. उडी मारणाऱ्या चालकांच्या व्हिडिओंचं स्पष्टीकरण एवढंच आहे. त्यांनी ब्रेक लावलेला असतो. ब्रेक चाकाला थांबवतो, रस्त्याला धरायचं काम रबराचं.

म्हणून पहिल्या गिअरमध्ये, चालण्याच्या वेगाने. पुढच्या गाडीला वळण पार करू द्यायचं आणि मगच आपण उतरायचं, मागून कितीही हॉर्न वाजले तरी. एबीएस आहे म्हणून लोक निश्चिंत असतात. एबीएसने चाक जाम होत नाही, स्टिअरिंग ऐकतं. थांबायचं अंतर बर्फावर त्याने कमी होत नाही. पेडल पायाखाली थरथरतं तेव्हा पाय उचलायचा नाही, एवढं मात्र माहीत हवं. स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळच चालली तर आणखी वळवायचं नाही. माणूस घाबरून तेच करतो. पुढची चाकं आधीच घसरत असतात. त्यांच्याकडून ब्रेकही घ्यायचा आणि वळणही, तर दोन्ही मिळत नाही. स्टिअरिंग थोडं सरळ करायचं, ब्रेक हलका करायचा, चाक पुन्हा फिरायला लागलं की मग वळवायचं.

काका चार साखळ्या का मागत होते ते सोलंगच्या वरच्या एका वळणावर दिसलं. उतारावर भार पुढे येतो, मागची चाकं हलकी होतात. त्यात साखळ्या पुढच्याच चाकांना. पुढची चाकं रस्ता धरून हळू होतात, मागची दोन मोकळी, ती आपल्या वेगाने येत राहतात. इंजिनही पुढच्याच चाकांना आवरून धरतं. वळणात मागचा भाग हलकेच, काही आवाज न करता, दरीकडे हातभर सरकला. बायको काही बोलली नाही. काका म्हणाले, "ब्रेक नको. थोडा गॅस दे." सगळं अंग ब्रेक मार म्हणत असताना ॲक्सिलरेटरवर पाय ठेवणं अवघड असतं, पण पुढून ओढणाऱ्या गाडीला तोच उपाय. पुढची चाकं ओढायला लागली की मागचा भाग त्यांच्या मागे सरळ येतो. आला. मागून ढकलणाऱ्या गाडीत त्याच जागी गॅस दिला असता तर शेपूट आणखी बाहेर गेली असती.

आम्हाला ओलांडून गेलेली एक फोर बाय फोर दोन वळणं खाली बर्फाच्या ढिगात नाक खुपसून उभी होती. कुणाला लागलं नव्हतं. चालक सिगारेट ओढत होता. काकांनी काच खाली करून "कुछ चाहिए?" विचारलं. तो नाही म्हणाला. काकांनी काच वर केली आणि मनालीपर्यंत त्या गाडीच्या डिफरन्शियल लॉकबद्दल कौतुकाने बोलत राहिले.

ठाण्यात परतल्यावर काही आठवड्यांनी पुढचे टायर बदलायची वेळ आली. पुढून ओढणाऱ्या गाडीचे पुढचेच टायर आधी झिजतात, कारण ओढायचं, वळायचं आणि ब्रेकचा मोठा वाटा घ्यायचा, तिन्ही कामं त्यांनाच. कापूरबावडीजवळच्या टायरवाल्याने दोन नवे काढले आणि पुढे बसवायला घेतले. मी म्हटलं, नवे मागे लावा, मागचे पुढे आणा.

त्याने हात थांबवला. "साहेब, फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे. नवे पुढेच लागतात."

काका बरोबर होते, ते स्टुलावरून उठलेच. गुळगुळीत टायर मागे राहिले तर पावसात वळणावर आधी मागचा भाग सुटतो. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, ते स्टिअरिंगमध्ये आधी जाणवतं आणि माणूस वेग कमी करतो. मागची घसरली की काही कळायच्या आत गाडी फिरते. गायमुखच्या घाटात पहिल्या पावसात ऑइल वर येतं तेव्हा बर्फाची गरज नाही. टायर कंपन्यासुद्धा चांगली जोडी मागेच लावायला सांगतात. काकांनी त्याला सोलंगचं वळण हातवारे करून दाखवलं, साखळ्यांसकट. दुकानातली दोन पोरं काम सोडून ऐकत होती.

टायरवाल्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, तुमचं बरोबर असेल. पण गिऱ्हाईक पैसे देतं आणि पुढे जुने टायर दिसले की परत येऊन भांडतं. लिहून द्या, मी मागे लावतो."

काकांनी बिलाच्या पाठीवर लिहून दिलं आणि खाली सही केली.